नाळ तुटली त्याचा दोष कुणाचा: फुबुकी वर्गाच्या विनाशिका आणि २६ सप्टेंबर १९३५

मी फॅब्रिकेशनमधला माणूस, जहाजांशी माझा संबंध फक्त वाचण्यापुरता. पण जपानी नेव्हीच्या फुबुकी वर्गातल्या दोन विनाशिकांची (डिस्ट्रॉयर, म्हणजे वेगवान लहान युद्धनौका) तोंडं वादळात तुटली, ते प्रकरण डोक्यातून जात नाही, कारण आमच्या लाइनमध्ये जे रोज लहान प्रमाणात होतं ते इथे अख्ख्या नेव्हीच्या पातळीवर झालंय. जॉबला क्रॅक आला की सगळ्यात आधी वेल्डरला उभं करतात, ड्रॉइंग काढणाऱ्याला शेवटी, ते पण कुणी आठवण केली तर. म्हणून म्हटलं एकदा नीट सगळं लिहून काढू. लांब होईल.

तर २६ सप्टेंबर १९३५. जपानी नेव्हीचा वार्षिक सराव चालू होता. त्यासाठी एक तात्पुरता ताफा उभा केला होता, चौथा ताफा, म्हणजे सरावातला ‘शत्रू’, आणि त्याचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल मात्सुशिता हाजिमे. एकूण ४१ जहाजं. उत्तरेच्या हाकोदाते बंदरातून निघून पॅसिफिकमध्ये आले आणि सानरिकू किनाऱ्याच्या पूर्वेला साधारण अडीचशे सागरी मैलांवर समोरून टायफून. तो येतोय हे माहीत नव्हतं असं नाही, माहीत होतं. मागे फिरूया असा सल्लाही पुढे आला होता. पण तोवर समुद्र इतका खवळला होता की एवढ्या सगळ्या जहाजांनी एकदम तोंड फिरवलं तर एकमेकांवर आपटायची भीती, आणि दुसरं म्हणजे वादळातून जाणं हा पण एक सरावच की, असा विचार झाला. त्यामुळे सरळ आत गेले.

वाऱ्याचा वेग सेकंदाला ३४-३५ मीटर, म्हणजे तासाला सव्वाशे किलोमीटर धरा. लाटा १५ मीटर आणि त्याहून उंच पाहिल्याची नोंद आहे. पाच मजली बिल्डिंग समोरून चालत येतेय असं समजा. आणि एका दिशेने नाही, दोन वेगळ्या दिशांच्या लाटा एकमेकींवर चढून मध्येच टोकदार, त्रिकोणी अशा उभ्या राहत होत्या, ज्यांना लय नसते. कोळीवाड्यात कुणालाही विचारा, मोठ्या लाटेला माणूस घाबरत नाही, बेताल लाटेला घाबरतो.

त्या दुपारनंतर ‘हात्सुयुकी’ आणि ‘युगिरी’ या फुबुकी वर्गातल्या दोन विनाशिकांची नाळ तुटली. नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं तोंड, आपले खलाशी हाच शब्द वापरतात. तुटली म्हणजे चीर पडली, वाकली असलं काही नाही, ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, पुढचा सगळा भाग, तोफेच्या घुमटासकट, वेगळा होऊन वाहत गेला. आतमध्ये माणसं होती. उरलेलं जहाज मात्र तरंगत राहिलं, दोन्ही जहाजांचं, आणि ती दोन्ही पुढे ओढून बंदरात आणली गेली. हे वाचलं तेव्हा मी फोटो शोधून पाहिला. ब्रिजच्या पुढे सरळ काही नाहीच, ब्रेडच्या लादीचं टोक हाताने तोडावं तसं.

हात्सुयुकीच्या तुटलेल्या तोंडात वायरलेस रूम होती आणि त्यात गुप्त संकेतांची कागदपत्रं. तो तुकडा समुद्रावर तरंगत होता. ओढून न्यायचा प्रयत्न फसला तेव्हा आपल्याच क्रूझरने (विनाशिकेपेक्षा मोठी युद्धनौका) तोफा डागून तो बुडवला, कारण कागद दुसऱ्या कुणाच्या हाती लागायला नकोत. आपल्याच जहाजाच्या अर्ध्या अंगावर गोळे मारायचे, त्या तोफखान्यातल्या पोरांना काय वाटलं असेल. एकूण ५४ माणसं गेली आणि त्यातली बहुतेक या दोन जहाजांवरची. ४१ पैकी १९ जहाजांना मार बसला. ‘होशो’ या विमानवाहू जहाजाच्या धावपट्टीचं पुढचं टोक कोसळलं, ‘र्‍युजो’ या दुसऱ्या विमानवाहू जहाजाचा ब्रिज आणि हँगर झोडपले गेले, ‘मुत्सुकी’ या जुन्या विनाशिकेचा ब्रिज चेपला.

आता मागे जाऊ, कारण ही गोष्ट वादळापासून सुरूच होत नाही.

१९२२ च्या वॉशिंग्टन करारात मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण ठरलं, ब्रिटन ५, अमेरिका ५, जपान ३. जपानी नेव्हीच्या पोटात हे कायम दुखत राहिलं. मोठी जहाजं संख्येने कमी, मग छोट्या जहाजांनी भरपाई करायची. पॅसिफिक ओलांडून येणारा अमेरिकन ताफा वाटेतच रात्रीच्या टॉर्पेडो हल्ल्यांनी कुरतडायचा आणि मग उरलेल्याशी शेवटची लढाई, असा सगळा हिशोब. त्यासाठी अशी विनाशिका हवी होती जी खुल्या समुद्रात मोठ्या जहाजांबरोबर धावेल आणि एकटी समोरच्या दोघींना भारी पडेल.

त्यातून आली फुबुकी. जपानीत ‘तोकुगाता’ म्हणजे स्पेशल टाइप म्हणायचे. ‘फुबुकी’ म्हणजे हिमवादळ, हात्सुयुकी म्हणजे पहिला बर्फ, युगिरी म्हणजे संध्याकाळचं धुकं, ‘शिरायुकी’ पांढरा बर्फ. सगळी नावं हवामानाची आणि शेवटी हवामानानेच धडा शिकवला. पहिलं जहाज मैझुरूच्या गोदीत जून १९२६ मध्ये सुरू झालं आणि १० ऑगस्ट १९२८ ला नेव्हीत आलं. १९३३ पर्यंत अशी २४ बनली, तीन उपप्रकारांत.

कागदावर बघितलं तर आजही तोंडातून वा निघतं. लांबी ११८ मीटर, रुंदी साडेदहाच्या आत, ५०,००० हॉर्सपॉवर, वेग ३८ नॉट (म्हणजे तासाला ३८ सागरी मैल). १२.७ सेंटिमीटरच्या सहा तोफा, दोन-दोनच्या तीन घुमटांत, आणि घुमट बंद. तोवर विनाशिकांवर तोफेमागे एक पत्र्याची ढाल असायची आणि गोलंदाज पावसापाण्यात उघड्यावर. शिवाय ६१ सेंटिमीटरचे नऊ टॉर्पेडो तीन-तीनच्या संचात, वर पुन्हा भरायला जादा टॉर्पेडो. ब्रिजसुद्धा बंदिस्त. आणि हे सगळं १,७०० टनांच्या आसपास. त्या वेळच्या ब्रिटिश विनाशिकांवर चार सुट्या तोफा असायच्या. जगभरच्या नेव्हीवाल्यांचे डोळे फिरले नसते तरच नवल.

हे डिझाइन केलं फुजिमोतो किकुओ यांनी. माणूस हुशार, नवीन गोष्टींना घाबरत नव्हता आणि नेव्हीच्या वरच्या ऑफिसरांना नाही म्हणत नव्हता. त्यांच्या आधी डिझाइन विभागात होते हिरागा युझुरु, हे बरोबर उलटे. ‘युझुरु’ शब्दाचा अर्थ दुसऱ्याला मान देऊन आपण मागे सरणं असा होतो, आणि हे गृहस्थ कुणापुढे कधी मागे सरायचेच नाहीत म्हणून लोक त्यांना चिडवून ‘युझुराझु’ म्हणायचे, न सरणारा. ऑफिसर येऊन म्हणाले आणखी दोन टॉर्पेडो बसवा, की हिरागा म्हणणार बसत नाहीत, चालते व्हा. अशा माणसाला कुठलंही ऑफिस फार दिवस मध्यभागी ठेवत नाही. त्यांना बाजूला केलं आणि फुजिमोतो आले. मग जे मागाल ते मिळायला लागलं.

पण वजन कुठेतरी वाचवावं लागतं ना. तोफा हलक्या होत नाहीत, बॉयलर हलके होत नाहीत, मग उरतो तो सांगाडा. प्लेट पातळ, फ्रेम बारीक, आणि जिथे जमेल तिथे रिव्हेटऐवजी (तापवून ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांऐवजी) वेल्डिंग. हे वेल्डिंगचं गणित ज्याने दोन्ही कामं पाहिलीत त्याला लगेच कळेल. रिव्हेट मारायचा तर दोन प्लेटा एकमेकींवर चढवाव्या लागतात, म्हणजे प्रत्येक जोडावर काही इंच लोखंड डबल, वर रिव्हेटच्या डोक्यांचं वजन. वेल्डमध्ये टोकाला टोक. पूर्ण जहाजभर हे वाचवलं तर कितीतरी टन. एवढं करूनही फुबुकी ठरल्यापेक्षा जडच भरली.

१९३० च्या लंडन कराराने आणखी कोंडी केली. आता विनाशिकांच्या एकूण टनेजवरच मर्यादा आली, जपानला १,०५,५०० टन, आणि १,५०० टनांच्या वरच्या विनाशिका एकूण टनेजच्या १६ टक्क्यांपर्यंतच. म्हणजे फुबुकीसारखी नवीन काढायची सोयच उरली नाही. मग काय केलं, तर लहान जहाजावर जवळजवळ तेवढीच हत्यारं. ६०० टनांच्या आतली जहाजं करारात मोजली जात नव्हती, म्हणून त्या आकारात ‘तोमोझुरु’ सारख्या टॉर्पेडो बोटी काढल्या आणि त्यांच्यावर असं सामान चढवलं की छोटा हत्तीवर दहा टायर ट्रकचा माल. १२ मार्च १९३४ ला सासेबोजवळ खराब हवेत तोमोझुरु उलटी झाली. ११३ पैकी १०० माणसं गेली.

हा खरा पहिला इशारा. नेव्हीने तो गंभीरपणे घेतला पण, सगळ्या जहाजांचा तोल पुन्हा तपासला, खाली वजन घातलं, वरचं कमी केलं. फुजिमोतोंना पदावरून हटवलं, बाजूला बसलेल्या हिरागांना सल्ल्यासाठी बोलावलं. जानेवारी १९३५ मध्ये फुजिमोतो मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. म्हणजे सप्टेंबरमध्ये त्यांची जहाजं तुटली तेव्हा उत्तर द्यायला ते नव्हतेच. (याच काळात जून १९३४ मध्ये याच वर्गातली ‘मियुकी’ बहिणीशीच, ‘इनाझुमा’शी, धडकून बुडाली होती, पण तो अपघात वेगळा, त्याचा इथे संबंध नाही. २४ ची २३ झाली एवढंच.)

इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी, कारण बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकत्र कालवून टाकलेलं दिसतं. तोमोझुरु उलटली ती तोल नसल्यामुळे, म्हणजे वर जड खाली हलकी. हात्सुयुकी आणि युगिरी उलटल्या नाहीत, त्या तुटल्या. तोल वेगळा, मजबुती वेगळी. तोमोझुरुनंतर सगळ्यांनी तोल तपासला, कारण अपघात तोलाचा होता. जहाजाचा कणा किती वाकणं सोसेल हे तेवढ्या कळकळीने कुणी उघडून बघितलं नाही. आमच्याकडे पण असंच होतं, एका टँकचा नोझल लीक झाला की पुढचे सहा महिने सगळे नोझल तपासतात आणि सपोर्टकडे कुणी ढुंकून बघत नाही.

आता चौकशी. समितीचे प्रमुख ॲडमिरल नोमुरा किचिसाबुरो, हेच पुढे १९४१ मध्ये वॉशिंग्टनला राजदूत होते, पर्ल हार्बरच्या दिवशी कागद घेऊन उशिरा पोचले ते. समितीच्या कामातला जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो लाटेच्या उंचीचा.

जहाजाची मजबुती काढायची त्या काळची पद्धत साधी होती. जहाज एका लाटेवर उभं आहे असं धरायचं, लाटेची लांबी जहाजाच्या लांबीएवढी. एकदा लाटेचा माथा बरोबर पोटाखाली, तेव्हा दोन्ही टोकं खाली लोंबतात. एकदा दोन्ही टोकं दोन माथ्यांवर आणि पोट अधांतरी. दोन्ही वेळा किती वाकतं ते काढायचं आणि त्याप्रमाणे प्लेटची जाडी. आता लाट किती उंच धरायची? तर लांबीच्या एक विसांश. हे जपान्यांनी शोधलेलं नाही, सगळीकडेच असं धरायचे. ११८ मीटरला विसाने भागा, ५.९ मीटर. म्हणजे फुबुकीचा सांगाडा साधारण सहा मीटरची लाट धरून काढलेला. टायफूनमध्ये ज्या लाटा बघितल्या त्यांची उंची लांबीच्या एक दशांशापर्यंत जात होती. ११८ ला दहाने भागा, जवळपास १२ मीटर. लाट दुप्पट उंच म्हणजे वाकवणारा जोर पण ढोबळमानाने दुप्पट. त्यात ही नुसती उभी राहून केलेली गणितं, नाळ लाटेतून बाहेर येऊन परत पाण्यावर आपटते तो दणका यात धरलेलाच नाही.

मग प्रश्न असा की एक विसांश सगळेच धरत होते तर बाकीच्यांची जहाजं का नाही तुटली. माझं मत असं की जुने डिझाइनर हात राखून काम करायचे. आकडा एक विसांशचा, पण प्लेट थोडी जाड, फ्रेम थोडी जवळ, कुणी विचारलं तर ‘असू दे’. त्या ‘असू दे’ मध्ये खरी लाट मावून जायची. फुजिमोतोंनी आकडा तोच ठेवला आणि ‘असू दे’ काढून टाकलं. गणित चुकलं नव्हतं, गणिताच्या बाहेर जे गुपचूप राखलेलं होतं ते गेलं. आमच्या एका जुन्या सुपरवायझरचं वाक्य आठवतं, “ड्रॉइंगमध्ये आठ एमएम आहे रे, पण साहेबांनी दहाचीच मागवलीय, गप लाव.” तेव्हा मला तो मालकाचा पैसा वाया घालवणं वाटायचं.

आणि वेल्डिंग? वेल्डिंगवर बराच ठपका आला. पूर्ण निर्दोष होतं असं मी म्हणणार नाही. त्या काळात इलेक्ट्रोड कसे होते, जास्त ताकदीच्या स्टीलवर वेल्ड केल्यावर बाजूचं लोखंड कसं ठिसूळ होतं, तापून थंड होताना प्लेट कशी ओढते, हे ज्ञान कच्चंच होतं. ‘मोगामी’ ही नवीकोरी क्रूझर, भरपूर वेल्डिंग केलेली, तिच्या चाचण्यांतच सांगाडा वेडावाकडा होऊन तोफांचे घुमट अडकायला लागले होते, आणि त्या वादळात ती पण होती, तिच्याही प्लेटा सुरकुतल्या. पण त्याच ताफ्यात ‘म्योको’ होती, रिव्हेटवाली क्रूझर, आणि तिचे रिव्हेट सैल झाले. हे ऐकल्यावर तरी थांबायला हवं होतं की नाही? रिव्हेटवाली पण आणि वेल्डवाली पण, दोन्ही कण्हत होत्या, म्हणजे दुखणं जोडात नव्हतं, अंगात होतं.

तरी निर्णय काय झाला, तर सांगाड्याच्या मुख्य भार सोसणाऱ्या भागांत वेल्डिंगवर बंधनं, तिथे पुन्हा रिव्हेट. चोर सोडून संन्याशाला फाशी. पुढे ‘यामातो’सारखं अवाढव्य जहाज बांधलं ते पण मुख्यतः रिव्हेटवर. आणि युद्धात अमेरिकेने गोद्यांमध्ये वेल्डिंगच्या जोरावर बिस्किटं भाजावीत तशी जहाजं काढली. (त्यांची पण काही मधोमध तुटली, ते खरंय, पण त्यांनी वेल्ड सुधारलं, वेल्ड सोडलं नाही.) जपान त्या बाबतीत काही वर्षं मागे राहिला आणि त्याचं मूळ या एका दुपारी आहे असं मला वाटतं. रिव्हेटला माणूसबळ किती लागतं हे ज्याने टोळी बघितलीय तोच सांगेल, एक तापवणारा, एक फेकणारा, एक पकडणारा, एक मागून दाबून धरणारा, एक ठोकणारा.

दुरुस्ती मात्र झकास केली, श्रेय द्यायलाच हवं. पुढच्या दोन-तीन वर्षांत या वर्गातली जहाजं एकेक करून गोदीत घेतली, सांगाड्याला जादा प्लेटा, तळाशी वजन, ब्रिज लहान, धुराडी बुटकी, जादा टॉर्पेडो कमी. वजन २,००० टनांच्या वर गेलं, वेग ३८ चा ३४ नॉट झाला. म्हणजे ज्या चार नॉटसाठी आणि तीन-चारशे टनांसाठी एवढी कसरत केली होती ते सगळं परत दिलं. जहाज फुबुकीच, पण आता खरं जे वजन असायला हवं होतं त्या वजनाचं. बांधकामात असलेल्या नवीन वर्गांची ड्रॉइंगं पण बदलली.

अमेरिकन नेव्हीने हेच १९४४ च्या डिसेंबरमध्ये फिलिपिन्सजवळ भोगलं, ॲडमिरल हॅल्सीचा ताफा टायफूनमध्ये शिरला आणि तीन विनाशिका बुडाल्या, जवळपास ७९० माणसं गेली. त्यातल्या ‘हल’ आणि ‘मोनाहन’ या दोन्ही पण युद्धाआधीच्याच फॅरागट वर्गातल्या, आणि त्यांच्यावरही युद्धात वर वर सामान चढवत नेलेलं. पण तिथे प्रश्न तोलाचा होता, त्यामुळे ती तोमोझुरुची बहीण, फुबुकीची नाही.

दुरुस्त झालेल्या फुबुकी कशा लढल्या ते थोडक्यात, कारण त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. ८ डिसेंबर १९४१ ला मलायात कोटा बहरूच्या किनाऱ्यावर जपानी उतरले तेव्हा संरक्षणाला याच वर्गातल्या विनाशिका होत्या, आणि समोर किनाऱ्यावर बंकरमध्ये डोग्रा रेजिमेंटचे आपले जवान. मार्च १९४२ मध्ये अंदमान घेतलं तेव्हाही या वर्गातली जहाजं होती. एप्रिल १९४२ मध्ये बंगालच्या उपसागरात व्यापारी जहाजांची जी कत्तल झाली, २० च्या वर जहाजं बुडाली, त्या ताफ्यात र्‍युजो होती आणि युगिरी पण. र्‍युजोच्या विमानांनी काकिनाडा आणि विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. म्हणजे सानरिकूच्या वादळात एकत्र मार खाल्लेल्या दोघी साडेसहा वर्षांनी आपल्या पूर्व किनाऱ्यासमोर एकत्र होत्या. ‘आमागिरी’ने १९४३ मध्ये सॉलोमन बेटांत एका अमेरिकन टॉर्पेडो बोटीचे दोन तुकडे केले, आणि त्या बोटीचा कप्तान होता जॉन केनेडी. आणि ‘इकाझुची’ने मार्च १९४२ मध्ये जावाजवळ बुडालेल्या ब्रिटिश विनाशिका ‘एनकाउंटर’ वगैरेंचे ४०० च्या वर खलाशी पाण्यातून उचलले, पाणबुड्यांचा धोका असताना. तिचे कप्तान कुडो शुनसाकू. युद्धात असंही होतं.

२३ पैकी युद्धाअखेर दोनच तरंगत होत्या, ‘हिबिकी’ आणि ‘उशिओ’. हिबिकी भरपाई म्हणून सोव्हिएत युनियनला गेली, उशिओ भंगारात. बाकीच्या बॉम्ब, टॉर्पेडो, तोफा, सुरुंग यांनी गेल्या. दुरुस्तीनंतर त्यातली एकही पुन्हा लाटेने तुटली नाही.

युगिरी २५ नोव्हेंबर १९४३ ला केप सेंट जॉर्जच्या लढाईत अमेरिकन विनाशिकांच्या तोफांनी बुडाली. हात्सुयुकी त्याच वर्षी १७ जुलैला सॉलोमन बेटांत शॉर्टलँडजवळ विमानांच्या बॉम्बने. तिची नवी नाळ तिच्याबरोबर तिथे तळाशी आहे. जुनी नाळ आठ वर्षं आधीपासून सानरिकूच्या समोर, पाच हजार किलोमीटर उत्तरेला.